सुकाच्या खाचरातला चौथा दात

नामदेव तांडेलाला कुणीच पटायचं नाय. पालघरकडच्या माहीमच्या मांगेलआळीत त्याचं घर, घराला ओटी, ओटीवर दोरीची खाट, आणि त्या खाटेवर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला नावं ठेवायचा. आत्ताची बोट चालवणारी पोरं त्याच्या लेखी नुसते ड्रायव्हर. मोबाइलवर वारा बघून दर्यात जाणारा तांडेल म्हणजे आपल्याला भूक लागली का नाय हे बायकोला विचारणारा माणूस. मुलगा विपुल बोयसरला कंपनीत लागला, तर त्याला तो पंख्याखालचा मर्द म्हणायचा. बायको जमना सुकी मासळी विकायची, त्यावर घर चालायचं, तरी तिला ऐकवायचा की बोंबील वाळवायची अक्कल तुला माझ्या आईनं दिली. जमना उलट बोलायची नाय. लग्न झाल्यापासून तिनं एक कान नवऱ्यासाठी बंदच करून ठेवला होता.

आता एवढा तोरा मिरवायचा तर माणसाकडं काहीतरी लागतं. नामदेवकडं बोट राहिली नव्हती. त्याच्याकडं होता बाप.

बाप म्हणजे धाकू तांडेल. त्याच्या वेळचं कार्तिकातलं एक वादळ आळीत अजून सांगतात. सगळ्या होड्या अर्ध्या वाटेतनं माघारी आल्या, धाकूची आली नाय. दोन रात्री आळी किनाऱ्यावर बसून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी होडी आली. पाच खलाशी धडधाकट, शीड फाटलेलं, आणि नांगर नाय. धाकू म्हणाला, भर दर्यात वीस वाव खोल पाण्यात नांगर टाकून उभा राहिलो, शेवटी दोर कापला, नांगर दर्याला दिला आणि माणसं मागून घेतली. एवढंच बोलला. तो मुळात कमी बोलणारा. पुढचा मीठमसाला आळीनं घातला. त्या सालापासून नारळी पुनवेचा पहिला नारळ धाकूच्या हातनं दर्यात जायला लागला, आणि धाकू गेल्यावर नामदेवच्या हातनं.

धाकू तांडेलानं आख्ख्या आयुष्यात एकच नांगर गमावला, आणि तो कुठं गमावला हे आळीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ होतं.

नामदेवनं बापाचं नाव राखलं ते असं. चौदा वर्षांमागं दिवाळीनंतर वारा उठला, तेव्हा त्याची होडी माकुणसारच्या खाडीच्या तोंडाशीच होती. भरतीचं पाणी आत चाललेलं. सुका म्हणून त्याचा जुना खलाशी होता, माकुणसारचा वारली, म्हणजे आळीच्या लेखी डोंगराकडचा, दर सुगीनंतर होडीवर यायचा. तो म्हणाला, तांडेल, खाडीत घालू. नामदेवनं त्याला असं बघितलं जसं काय त्यानं लुगडं नेसायला सांगितलं. धाकू तांडेलाचा पोरगा खाडीत लपत नाय, म्हणाला, आणि होडी बाहेर काढली. तासाभरात होडी खडकावर फुटली. माणसं जगली, पण सुकाचा डावा खांदा निखळला. तो हात तेव्हापासून कानाच्या वर जात नाय. नामदेव सगळ्यांना सांगायचा, मशीन बंद पडली.

तर तोच सुका आषाढातल्या एका सकाळी ओटीपुढं येऊन उभा राहिला. हातात पिशवीभर कंटोळी. ती जमनाला दिली, पायरीवर बसला, पागोळ्यांकडं बघत राहिला.

"तांडेल," म्हणाला, "माझ्या खाचरात देव निघालाय."

घरात साप निघाला म्हणून सांगावं, तसं सांगितलं त्यानं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सुकाची जमीन माकुणसारच्या अंगाला, दोन खाचरं. वरचं खडकाळ, भादव्यातच सुकतं. खालचं मात्र सोनं. तिथं पूर्वी खाडीचा फाटा यायचा, तिवरांची झाडी होती. मग सरकारनं बांध घातला, खारं पाणी थांबलं, पाच-सहा पावसाळ्यांत मीठ धुपून गेलं आणि भात व्हायला लागला. वर्षाचं खाणं त्या खालच्या खाचरावर. यंदा भाड्याचा ट्रॅक्टर लावून चिखलणी चालली होती, तर फाळाला खाडकन काहीतरी लागलं. बघतात तर चिखलातनं लोखंडाचे तीन दात वर आलेले. ट्रॅक्टरवाल्यानं हात जोडले आणि ट्रॅक्टर घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत गावच्या मंडळाचा अध्यक्ष अंकुश आला, दुसऱ्या दिवशी त्रिशूळ म्हणून व्हिडिओ निघाला, तिसऱ्या दिवशी ताडपत्री, झेंडे आणि भोंगा. आता देवळासाठी जागा मोजून झाली होती. आधी पत्र्याचं, मग पक्कं.

"मी बोललो, होडीचा नांगर हाय. अंकुश बोलतो, सुका, तुला काय कळतंय. सतरा वर्सं नांगर वडलाय मी, तांडेल. पण मी बोललो की हसतात." सुकानं उजव्या हातानं डावा खांदा चोळला. "रोप पंचवीस दिवसांचं झालंय. आठवडाभरात आवणी नाय झाली तर त्याला गाठी धरतील. मग लावलं काय आणि नाय लावलं काय. तुमी तांडेल हाव. तुमी बोलाल तर ऐकतील."

नामदेव तोंड भरून हसला. असं हसायला त्याला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

"त्रिशुळाचे दात आत वळलेले असतात काय रे? महादेवाला काय नारळ पाडायचे होते?"

त्यानं धुतलेला सदरा घातला, सवयीनं कोयता कमरेला लावला आणि निघाला. जमना मागनं म्हणाली, "जा, जा. दहा माणसांवर एकदम तोंड टाकायला मिळेल, म्हणजे चार दिवस घरात शांती."

टमटममध्ये सगळी वाट नामदेव बोलत होता. अंकुशचा आजा कसा ओहोटी आणि भरती उलटी सांगायचा, बाप कसा चिंबोरीला भ्यायचा. सुका गप्प होता. तसा तो नेहमीच गप्प असतो म्हणून नामदेवला त्यात काय दिसलं नाय.

खाचरावर पोचला तर खरोखरची जत्रा. निळी ताडपत्री बांबूंवर ताणलेली, तिच्या कडेनं पाण्याची धार गळतेय. खाली तीन दात वर करून ते लोखंड उभं, गळ्यात झेंडूच्या माळा, समोर नारळांचा ढीग. भोंग्यावर आरती. चिखलणी झालेल्या त्या मऊ लोण्यासारख्या मातीत शंभर चपलांचे ठसे. बांधापलीकडं राबावर सुकाचं रोप दाट उभं होतं, आणि टोकाला पिवळं पडायला लागलं होतं.

नामदेवनं आधी माणसं बघितली. पालघरहून एक इतिहासवाले सर आलेले, डोक्याला टोपी, हातात टेप. ते प्रत्येकाला सांगत होते की आपल्याकडं किल्ले केवढे, ही वस्तू फिरंग्यांची, तटाला अडकवून वर चढायची, तीनशे वर्षं तरी जुनी, आणि संशोधन होईपर्यंत जागेला कुणी हात लावू नये. बोयसरचा एक भंगारवाला सायकलला टेकून उभा होता. त्याचं मत एकदम पक्कं, "ये तो क्रेन का हुक है. कंपनी का माल." एक म्हातारा दुरूनच सांगत होता की तारापूरच्या अणुभट्टीकडनं उडत आलं असणार, जवळ जाऊ नका, केस गळतात. त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता. आणि या सगळ्यांच्या मधोमध अंकुश, पांढरा कुर्ता, कपाळाला हे मोठं गंध, हातात माइक.

"या, काका," अंकुश म्हणाला. "तुमीपण दर्शनाला आलाव? माहीमपर्यंत गेली काय कीर्ती?"

"दर्शनाला नाय, बघायला आलोय," नामदेव म्हणाला. "तुमी सगळे मिळून कशाच्या पाया पडताय ते."

आणि त्यानं सुरुवात केली. इतिहासवाल्या सरांना विचारलं, फिरंगी भिंती चढायचे त्या भाताच्या चिखलात कशाला. भंगारवाल्याला विचारलं, तुझी क्रेन इथं काय रोपं उचलायला आली होती. टकल्या म्हाताऱ्याला म्हणाला, तुमी बिनधास्त जवळ जावा, तुमचं काय गळणार. माणसं हसायला लागली. अंकुशचं गंध आकसलं. नामदेव रंगात आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला आणि त्या लोखंडापुढं उकिडवा बसला. होडीचा नांगर, शंभर टक्के. आंधळ्यालासुद्धा हातानं कळला असता. सगळ्यांनी बघावं म्हणून त्यानं एक दात धरून हलवला.

दात पावसानं धुऊन स्वच्छ होते. दांड्यावर मात्र चिखलाचा जाड लेप. एवढे भक्त, पण साफ करायची अक्कल नाय, असं मनात म्हणत त्यानं अंगठ्यानं तो लेप खरवडला.

खाली छिन्नीचे तीन आडवे घाव, आणि त्यांच्या खाली एक टिंब.

आता आळीत प्रत्येक घराची खूण असते. ओहोटीला किनाऱ्यावर सगळ्यांचं सामान एकात एक पडतं, भांडणं नकोत म्हणून लोखंडाच्या प्रत्येक वस्तूवर आपापली खूण मारायची. नांगरावर, कड्यावर, कोयत्यावर. नामदेवच्या कमरेला जो कोयता होता, त्याच्या पात्यावर मुठीजवळ तीन आडवे घाव आणि खाली एक टिंब. दुसऱ्या कुणाच्या घराची ही खूण नाय. कधी नव्हती.

वीस वाव पाण्यात दर्याला दिलेला नांगर खाडीच्या आत, बांधाच्या आत, सुकाच्या भातात उभा होता.

नामदेवचा हात आपोआप परत चिखलात गेला आणि तो चिखल त्यानं खुणेवर थापला. कुणी बघितलं नाय. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते, पुढचा विनोद कधी येतो म्हणून.

"काय काका," अंकुश म्हणाला, "बोला ना. माइकवर बोला, सगळ्यांना ऐकू दे." आणि त्यानं माइक पुढं केला.

नामदेवला दिसत होती मांगेलआळी. नारळी पुनव. शेजारचा तांडेल गालातल्या गालात हसतोय. धाकू वीस वाव पाण्यात होता म्हणे. तिवरात बसला होता, तिवरात.

"हा..." भोंग्यातनं त्याचाच आवाज त्याच्या अंगावर आला. "हा होडीचा नसावा."

अंकुशनं माइक हिसकावून घेतला. खुद्द माहीमच्या तांडेलानं सांगितलंय, चाळीस वर्षं दर्यात काढलेल्या माणसानं, आता कुणाला शंका असेल तर पुढं या. कुणी पुढं आलं नाय. नारळ फुटले. इतिहासवाल्या सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. सुका बांधावर उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि रोपाकडं बघत राहिला, बस.

मग म्हणाला, "चला तांडेल, चा घ्या."

सुकाचं घर वरच्या खाचराच्या कडेला, कुडाचं. त्याची बायको बायडी चुलीपाशी होती. भोंगा तिथवर स्पष्ट ऐकू येत होता, म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं गवती चहा घालून काळा चहा केला, कप नामदेवपुढं ठेवला, आणि हातात नाय दिला. ठेवला.

"आमच्या घरात एकच मानूस कधी खोटं बोलत नाय," ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "आणि त्याचंच कुनी ऐकत नाय."

"गप गो," सुका म्हणाला.

नामदेव कप हातात धरून बसला. चहा तोंडाला लावेना. म्हणाला, त्या दांड्यावर एवढा चिखल कसा राहिला रे, दात तर धुऊन निघालेत.

"मी लावतो," सुका म्हणाला. "पावसानं खूण उघडी पडते. रोज सकाळी जातो, परत लावतो."

चुलीत ओलं लाकूड चुरचुरत होतं.

"तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"खलाशी होतो ना, तांडेल. सतरा वर्सं ती खूण बघितली."

"मग सांगायचंस त्या अंकुशला. खूण दाखवायचीस. तुझं शेत सुटलं असतं."

सुकानं विचार केला. तो बोलायच्या आधी नेहमी विचार करायचा, आणि नामदेव त्याला कायम मठ्ठ म्हणायचा.

"वस्तू तुमची हाय. तुमी ठरवायचं. मी कसा बोलू?"

नामदेवनं विचारलं नाय, तरी मग सुकानं उरलेलंही सांगितलं. त्याच्या बापानं त्याला सांगितलेलं. त्या कार्तिकात वारा सुटला तेव्हा माहीमची एक होडी भरतीबरोबर आत आली आणि तिवरात शिरली. धाकू तांडेल आणि पाच खलाशी. दोन रात्री याच घरात होते. नाचणीच्या भाकऱ्या संपल्या तेव्हा सुकाच्या आजीनं बियाणाला ठेवलेली नाचणी दळली. ताडी होती, ती प्याले. धाकू तांडेल तर पहिली रात्र सबंध झोपला. घोरायचा एवढा की कुडाची माती पडली. तिसऱ्या दिवशी निघायच्या वेळी नांगर तिवराच्या मुळ्यांत असा अडकला की निघेना, ओहोटी लागलेली, म्हणून दोर कापला.

"म्हंजे त्या दिवशी," नामदेव म्हणाला, आणि थांबला. "चौदा वर्सांमागं. खाडीत घालू बोललास तेव्हा."

"तुमच्या बापानं घातली होती म्हनूनच बोललो."

"मग सांगायचंस ना, गाढवा, की बाप शिरला होता."

"तुमी ऐकलं असतं?"

बायडी वळून बघत होती. तिनं आधी सुकाच्या डाव्या खांद्याकडं बघितलं, आणि मग नामदेवच्या तोंडाकडं.

नामदेवनं चहा एका घोटात संपवला. गार झाला होता. उठला आणि चपला न घालताच उताराला लागला.

खाली अंकुश भोंग्यावर देवळाच्या पायाचा मुहूर्त सांगत होता. नामदेवनं त्याच्या हातातनं माइक घेतला. मागितला नाय, घेतला.

"मघाशी मी खोटं बोललो," भोंगा म्हणाला. आरती म्हणणाऱ्या बायका थांबल्या. "हा होडीचा नांगर हाय. माझ्या बापाचा. धाकू तांडेलाचा. खूण दाखवतो."

त्यानं ताडपत्रीवरनं गळणारं पाणी ओंजळीत धरून दांडा धुतला, कमरेचा कोयता काढून शेजारी धरला. तीन घाव, एक टिंब. तीन घाव, एक टिंब. पुढची माणसं वाकून बघायला लागली. इतिहासवाल्या सरांनी चष्मा वर केला. म्हणाले, प्राथमिक निरीक्षणावरून साम्य दिसतं खरं.

अंकुश काय असा सोडतोय. त्यानं एवढे दिवस मंडपात घातले होते. म्हणाला, खूण काय, कुणीपण मारेल, तुमीच मघाशी खाली बसून मारली असेल. नांगराला चार दात असतात, हे आमालापण माहिती हाय काका, आमी काय डोंगरातनं आलो नाय. इथं तीन हायत. तीन म्हणजे त्रिशूळ.

"डोंगरातनं आलेल्याला पहिल्या दिवशी कळलं," नामदेव म्हणाला. "तुलाच नाय कळलं." मग त्यानं दातांच्या बुडाशी बोट लावलं. तिथं एक खोबण होती. "हे बघ. सगळं लोखंड काळं, पन्नास वर्सांच्या गंजानं. आणि ही एवढी जागा तांबूस. हा गंज पंधरा दिवसांचा. इथं दात होता. ट्रॅक्टरनं मोडला. पंधरा दिवस दोन्ही वेळ आरती करताय, एकानं तरी देवाकडं नीट बघितलं काय?"

भंगारवाल्यानं मान हलवली. लोखंडाचा गंज त्याला कळत होता.

"सुका," नामदेवनं हाक मारली. माइक अजून तोंडाशीच होता, त्यामुळं ती हाक चार खाचरांपलीकडं गेली. "उतर खाली. ट्रॅक्टर कुठनं कुठं चालला होता? पायानं बघ."

सुका उतरला. मातीत पाय रुतवत तो हळूहळू पुढं सरकायला लागला, ओहोटीला चिखलात पायानं शिवल्या-शिंपले शोधतात तसा, टाचेनं चाचपत, बोटांनी वळवत. आधी वाटलं होतं हाताच्या अंतरावर सापडेल. नाय सापडला. अंकुशच्या चेहऱ्यावर थोडं तेज आलं. सुका परत फिरला, फाळाच्या दुसऱ्या रेघेनं चालला. नारळांच्या ढिगापाशी आल्यावर थांबला. उजव्या हातानं आठ-दहा नारळ बाजूला केले, वाकला, दंडापर्यंत हात आत घातला आणि खेचला.

आत वळलेला, काळा, एका टोकाला तांबूस. त्यानं तो नामदेवच्या हातात दिला. नामदेवनं खोबणीला लावला. बसला.

बायकांनी आपापली ताटं उचलली. इतिहासवाल्या सरांनी वही मिटली आणि जरा रागावूनच म्हणाले की मग ही वस्तू फारशी जुनी नाही, जसं काय नामदेवनं त्यांना फसवून पालघरहून बोलावलं होतं. टकला म्हातारा पुढं येऊन नांगराला हात लावून गेला. अंकुश तेवढा जागचा हलला नाय. त्याला आता शेवटचं काहीतरी पाहिजे होतं.

"काका, नांगर तुमच्या बापाचा, तर तो खाडीत कसा आला?" तो मोठ्यानं म्हणाला. "आमाला तर लहानपणापासून वेगळंच सांगितलंय. भर दर्यात झुंजला म्हणे. म्हणजे लपला होता काय इथं तिवरात?"

नामदेवनं माइककडं बघितलं. खाली ठेवता आला असता.

"हो," तो म्हणाला. "खाडीत शिरला. दोन रात्री सुकाच्या बापाच्या घरात झोपला, त्यांचं बियाणं खाल्लं, ताडी प्याला. आणि पाच माणसं जशीच्या तशी घरी नेली. मला सुका बोलला होता खाडीत घालू. मी नाय घातली. मशीन बंद नव्हती पडली. मी होडी फोडली, आणि त्याचा खांदापण." त्यानं माइक अंकुशच्या हातात दिला. "आता तुझी ताडपत्री काढ. मानसाला भात लावायचाय."

अंकुशच्या पोरांनी बांबू काढले. अंकुशनं स्वतः एकाही बांबूला हात लावला नाय, फोनवर बोलत बांधावरनं निघून गेला. बायडी खाली आली. तिनं नांगराच्या गळ्यातल्या माळा उतरवल्या आणि बांधाच्या टोकाला वाघदेव आहे, त्याला घातल्या. एवढी फुलं कशाला वाया घालवायची, म्हणाली. नारळ घरी नेले.

संध्याकाळी नामदेव घरी पोचायच्या आधी बातमी आळीत पोचली होती, व्हिडिओसकट. तो ओटीवर बसला आणि जमनाला सगळं सांगायला लागला. अर्ध्यावर आला तेव्हा ती म्हणाली, "ठाव हाय मला."

"व्हिडिओ बघितलास?"

"व्हिडिओ कशाला? मी लग्न होऊन आले त्याच पावसाळ्यात सासूबाईंनी सांगितलं होतं. तुमचे बाबा वादळातनं आले तेव्हा अंगाला ताडीचा वास येत होता." ती बोंबील सोलत होती, तिनं हात थांबवला नाय. "तुमाला कुनी सांगितलं नाय. तुमी ऐकत कुठं होताव."

नामदेवनं सकाळची पहिली टमटम किती वाजता असते, ते तेवढं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या टमटमनं तो माकुणसारला गेला. शंभर चपलांनी तुडवलेलं खालचं खाचर सुकानं रात्रीतनं पुन्हा पाणी धरून मऊ केलं होतं. रोपाच्या जुड्या पसरून ठेवलेल्या. पिवळी टोकं होती, पण गाठी धरल्या नव्हत्या. सुका एका हातानं रोप लावत होता, डावा हात जुडी धरायला. बायडी त्याच्या पुढं दोन ओळी. नामदेवनं सदरा बांधावर काढून ठेवला आणि तिसऱ्या ओळीला वाकला.

त्याला काय येतंय आवणी. तो एक रोप खोल रोवायचा, दुसरं तरंगायचं. पाठ धरली. तासाभरानं त्यानं मान वर केली तर त्याची ओळ बायडीच्या ओळीत घुसली होती.

बायडीनं कमरेवर हात ठेवून ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. पदरानं तोंड पुसलं.

"तांडेल," म्हणाली, "होडीपन अशीच न्यायचाव काय?"

सुका हसला. सतरा वर्षं होडीवर आणि चौदा वर्षं होडीशिवाय, नामदेवनं त्याला असं दात काढून हसताना बघितलं नव्हतं. नामदेवनं वाकडी रोपं एक एक करून उपटली आणि परत लावायला लागला. वर बांधावर नांगर आडवा टाकला होता, तिन्ही दात मातीत, आणि त्याच्या कड्याला सुकाची शेळी बांधलेली. ती रोपाकडं यायला बघत होती, ओढत होती. नांगर जागचा हलत नव्हता.